मांडवात पाऊस आला तर

पाठाचा भाग : लेवीय २३:३३-४३, अनुवाद १६:१३-१५, योहान ७:३७-३९
मुखपाठासाठी : मत्तय ५:४५

मे महिन्याची सुट्टी लागली की आपल्या मंडळ्यांतील पुष्कळ कुटुंबे चार दिवस घराबाहेर पडतात. कोणी मंडळीच्या कौटुंबिक शिबिराला जातात, तर कोठे दोन-तीन कुटुंबे मिळून रानात, धरणाच्या काठी किंवा समुद्रकिनारी तंबू ठोकतात. मुले महिनाभर दिवस मोजीत असतात. निघण्याच्या आदल्या रात्री कौटुंबिक उपासनेत घरातले धाकटे मूलही प्रार्थना करते, “प्रभू, पाऊस पाडू नकोस.” आणि दुसऱ्याच रात्री ढग गडगडतात, वळीव कोसळतो, तंबूत पाणी शिरते, चूल विझते, अंथरुणे भिजतात, आणि उजाडताच ओले सामान गोळा करून सर्वजण घरची वाट धरतात. मग तेच मूल विचारते, “आपण प्रार्थना केली होती ना? मग देवाने का ऐकले नाही?”

हा प्रश्न मुलाचा असला तरी लहान नाही. त्याला आपण सहसा तीन उत्तरे देतो. कोणी म्हणते, “देवाची इच्छा.” कोणी म्हणते, “आपलेच काहीतरी चुकले असेल.” आणि कोणी म्हणते, “असल्या क्षुल्लक गोष्टीसाठी देवाला त्रास देऊ नये.” पहिल्या उत्तराने मुलाचे तोंड बंद होते, दुसऱ्याने त्याच्या मनात भीती बसते, आणि तिसऱ्याने ते असे शिकते की आपल्या सुखदुःखाशी देवाला काही कर्तव्य नाही. संडे स्कूलच्या शिक्षकांनी व आईबापांनी याहून बरे उत्तर शोधले पाहिजे. ते शोधण्यासाठी पवित्र शास्त्रातील एका सणाचा आज आपण अभ्यास करू. या सणात आख्खे कुटुंब सात दिवस घर सोडून मांडवात राहत असे, आणि तो येई तो नेमका पाऊस सुरू होण्याच्या तोंडावर.

१. आज्ञा कोणाला होती?

मांडवांचा सण सातव्या महिन्याच्या पंधराव्या दिवशी, म्हणजे पौर्णिमेच्या सुमारास सुरू होतो. सात दिवस सण आणि आठव्या दिवशी पवित्र मेळा. आपल्या दिनदर्शिकेप्रमाणे तो सप्टेंबर-ऑक्टोबरात येतो. लेवीयाच्या तेविसाव्या अध्यायात त्याचे कारण सांगितले आहे : परमेश्वराने इस्राएलाला मिसर देशातून बाहेर काढले तेव्हा त्याने त्यांना मांडवात राहावयास लावले होते, हे पुढच्या पिढ्यांना कळावे.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. अरण्यात असताना लोक तंबूतच राहत होते, तेथे मांडवाच्या सणाची आठवण करून देण्याची गरज नव्हती. ही आज्ञा कनान देशात पक्की घरे बांधून राहणाऱ्यांसाठी होती. अनुवादाच्या सोळाव्या अध्यायाप्रमाणे खळ्यातले धान्य व द्राक्षकुंडातला रस घरात आल्यावर हा सण पाळावयाचा. म्हणजे कणगी भरलेली आहे, छप्पर मजबूत आहे, आणि “हे सर्व माझ्या हाताने मिळविले” असे मनात येण्याचा हाच तो दिवस आहे. अशा दिवशी देव म्हणतो, “सात दिवस बाहेर ये.”

आणि एकट्याने नव्हे. अनुवादात यादीच दिली आहे : तू, तुझा मुलगा, तुझी मुलगी, तुझा दास, तुझी दासी, आणि तुझ्या गावातील लेवी, उपरी, अनाथ व विधवा. या सर्वांनी मिळून आनंद करावा. ही यादी आपण विसरू नये, पुढे तिच्याकडे आपल्याला परत यावयाचे आहे.

नहेम्याच्या काळी हा सण पुन्हा सुरू झाला तेव्हा लोकांनी डोंगरावर जाऊन जैतून, खजूर व दाट पानांच्या झाडांच्या डहाळ्या आणल्या, आणि कोणी धाब्यावर, कोणी अंगणात, कोणी मंदिराच्या आवारात, तर कोणी वेशीजवळच्या चौकात मांडव घातले. यहोशवाच्या दिवसांपासून असा सण झाला नव्हता, असे नहेम्याच्या आठव्या अध्यायात लिहिले आहे. डहाळ्या आणताना मुलांची किती धांदल उडाली असेल, हे सांगावयास नको. आपल्या मुलांची तंबू ठोकताना जी लगबग असते तीच ती.

२. छप्पर विरळ ठेवण्याचा नियम

मांडव कसा असावा याचे नियम यहूदी गुरूंनी बारकाईने ठरविले. इ. स. २०० च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या ग्रंथात त्यांवर स्वतंत्र प्रकरण आहे. छप्पर झाडापासून तोडलेल्या वस्तूंचे असावे, कापडाचे किंवा कौलांचे नसावे, आणि आत उन्हापेक्षा सावली अधिक असावी. पुढच्या काळातील अनेक गुरूंनी असेही सांगितले की छप्पर इतके दाट नसावे की जोराचा पाऊसही आत येऊ नये. त्यातून रात्री तारे दिसावेत, अशी रीत पडली.

आपण तंबू घेताना दुकानदाराला पहिला प्रश्न विचारतो, “पाणी आत येणार नाही ना?” मांडवाचा नियम याच्या उलट आहे. मांडव गळावा, हेच मांडवाचे लक्षण होय. तो पक्का झाला की त्याचे घर होते, आणि घरात बसून अरण्याची आठवण होत नाही.

हा सण आपल्याला दूरदेशीचा वाटतो. परंतु आपल्या कोकणातही तो पाळला जातो. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ज्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत, ते बेने इस्राएल लोक शतकानुशतके मराठी बोलत आले आहेत. त्यांतील बहुतेक कुटुंबे १९४८ नंतर इस्राएल देशात गेली, तरी मुंबई व कोकणपट्टीतील सभास्थानांच्या आवारात आजही या सणाला मांडव घातला जातो. परतीच्या पावसाचे दिवस ते हेच. सप्टेंबर-ऑक्टोबरात कोकणात दुपारनंतर ढग भरून येतात, हे तेथील वाचकांना सांगणे नको. अशा हवेत पानांच्या छपराखाली जेवावयास बसणाऱ्याला हा नियम किती कसोटीचा आहे, हे आपण मराठी माणसे चांगले समजू शकतो.

म्हणून पहिला धडा हा : बाहेर राहावयास जाणे म्हणजे आपले छप्पर विरळ करणे. ऊन, वारा व पाऊस यांच्यावर आपला ताबा नाही, हे शिकण्यासाठीच आपण घर सोडतो. पावसाने शिबिर अडले म्हणजे शिबिर वाया गेले, असे नाही. कदाचित त्या रात्री शिबिराचा मुख्य पाठ सुरू झाला.

३. हट्टाने भिजत बसू नये

मग पाऊस आला तर काय करावे? मिश्नामध्ये हा प्रश्न सरळ विचारला आहे. उत्तरही घरगुती आहे : ताटातील पेज बिघडेल इतका पाऊस आला की मांडव सोडून घरात जाण्यास मोकळीक आहे. ज्याला मांडवात राहणे खरोखर त्रासाचे होते त्याला सूट आहे, असे पुढे तल्मूदात सांगितले आहे. एवढेच नव्हे, तर सूट असतानाही जो पावसात हट्टाने बसून राहतो त्याला पुढच्या धर्मशास्त्र्यांनी भक्तिमान न म्हणता अडाणी म्हटले आहे!

याचे कारण असे की या सणाची आज्ञा आनंदाची आहे. कुडकुडत, कुरकुरत, मुलांवर रागावत पाळलेला मांडव हा देवाने सांगितलेला मांडव नव्हे. एज्राच्या दहाव्या अध्यायातही असाच प्रसंग आहे. नवव्या महिन्याच्या विसाव्या दिवशी सर्व लोक मंदिराच्या चौकात गंभीर विचारासाठी जमले आणि मोठ्या पावसामुळे थरथर कापत बसले. तेव्हा मंडळीने स्पष्ट सांगितले की पावसाचे दिवस आहेत, बाहेर उभे राहवत नाही, आणि हे काम एकदोन दिवसांचे नाही. मग वडील जनांनी वेळा नेमून काम पुढे चालविले. सभा पावसाने थांबली, म्हणून कोणी त्यांना अविश्वासू म्हटले नाही.

आपल्या शिबिरप्रमुखांनी व घरच्या वडील माणसांनी हे ध्यानात ठेवावे. ‘प्रार्थना केली आहे, आता काही होणार नाही,’ असे म्हणून लहान लेकरांना ओल्या तंबूत ठेवणे हा विश्वास नव्हे. भारतीय हवामान खाते १८७५ सालापासून आकाशाचे निरीक्षण करीत आले आहे; त्याचा अंदाज पाहून निघणे हा अविश्वास नव्हे. कोरड्या ओढ्याच्या पात्रात किंवा एकट्या उंच झाडाखाली तंबू न ठोकणे, विजा चमकू लागताच पक्क्या इमारतीत जाणे, जवळची शाळा किंवा मंदिर आधीच पाहून ठेवणे, हे देवाने दिलेल्या शहाणपणाचे काम आहे. प्रभू येशूने सैतानाला उत्तर देताना हेच सांगितले की परमेश्वराची परीक्षा पाहावयाची नसते.

४. वाटसरूची प्रार्थना आणि शेतकऱ्याची प्रार्थना

आता आपण मुख्य प्रश्नाकडे येऊ. पावसाविषयी प्रार्थना करावी की नाही?

करावी. प्रभू येशूनेच आपल्या शिष्यांना सांगितले की तुमचे पळणे हिवाळ्यात होऊ नये म्हणून प्रार्थना करा (मत्तय २४:२०). त्याच्या आधीच्या वचनात गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांचा उल्लेख आहे. म्हणजे वाटेवरच्या आईला थंडीपावसाचा किती त्रास होईल, याची चिंता प्रभूला होती. एलीयाने पावसासाठी प्रार्थना केल्याचे याकोबाने आपल्यासारख्याच माणसाचे उदाहरण म्हणून दिले आहे. तेव्हा मुलाची प्रार्थना क्षुल्लक आहे, असे आपण कधीही म्हणू नये.

परंतु पावसाच्या प्रार्थनेत एक अडचण आहे, आणि ती यहूदी लोकांनी फार पूर्वी ओळखली होती. कनान देशात उन्हाळ्याचे महिने कोरडे जातात. यरुशलेमात वर्षभरात साधारण ५०० ते ५५० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि तो जवळजवळ सर्व ऑक्टोबर ते एप्रिल या महिन्यांत पडतो. सणाच्या वेळी विहिरी व टाकी तळाला गेलेली असत. जमीन कठीण झालेली असे. आगोटीचा पाऊस आल्यावाचून नांगर चालत नसे. म्हणून शेतकरी आकाशाकडे डोळे लावून बसलेला असे. आणि त्याच आठवड्यात हजारो कुटुंबे लेकराबाळांसह रस्त्यावर व मांडवात असत. एकाची प्रार्थना, “प्रभू, पाऊस दे.” दुसऱ्याची प्रार्थना, “प्रभू, पाऊस थांबव.” दोघेही देवाचे लोक, दोघेही प्रामाणिक.

ही अडचण त्यांनी कशी सोडविली, हे पाहण्यासारखे आहे. तल्मूदात सांगितले आहे की सणाच्या पाच दिवस आधी, प्रायश्चित्ताच्या दिवशी, महायाजक परमपवित्र स्थानातून बाहेर आल्यावर एक लहान प्रार्थना करीत असे. तिच्यात एक मागणी अशी होती की जगाला पावसाची गरज असता वाटसरूंनी पावसाविरुद्ध केलेली प्रार्थना देवाने आत येऊ देऊ नये. म्हणजे माझ्या प्रवासाच्या सोयीपेक्षा सर्वांची भाकरी मोठी आहे, हे त्या एका मागणीत आले.

येथेच थांबलो तर आपण म्हणू, “वाटसरूने भिजावे, दुसरा उपाय नाही.” पण मिश्नामध्ये याच्या जोडीला दुसरी गोष्ट आहे. सण संपल्यावर पावसाची मागणी कोणत्या दिवसापासून सुरू करावी, याची चर्चा तेथे आहे. एक मत असे की मार्हेश्वान महिन्याच्या तिसऱ्या दिवसापासून. परंतु रब्बान गमलीएल, ज्या घराण्यातील गुरूच्या चरणांजवळ पौल शिकला त्याच घराण्यातले, म्हणाले की सातव्या दिवसापासून. का? तर सण संपून तोपर्यंत पंधरा दिवस होतात, आणि तेवढ्यात सर्वांत दूरचा यात्रेकरू फरात नदीपर्यंत पोहोचतो.

बंधुभगिनींनो, याचा अर्थ नीट ध्यानात घ्या. यरुशलेमच्या शेतकऱ्याची जमीन तापलेली आहे, टाके रिकामे आहे, पाऊस हवाच आहे. तरी तो पंधरा दिवस ती मागणी ओठांवर आणीत नाही. कारण दूर पूर्वेला, बाबेलच्या वाटेवर, कोणी एक कुटुंब अजून गाढवावर सामान लादून चालत आहे. त्या कुटुंबाचे नाव त्याला ठाऊक नाही. पुन्हा त्याची भेटही होणार नाही. पण ते ओलेचिंब होऊ नये, म्हणून तो थांबतो. मंदिर इ. स. ७० मध्ये पाडले गेले, ती यात्राही थांबली. तरी इस्राएल देशातील यहूदी लोक आजही पावसाची मागणी त्याच सातव्या दिवसापासून सुरू करतात.

महायाजकाने वाटसरूला शिकविले की शेतकऱ्याची आठवण ठेव. गमलीएलाने शेतकऱ्याला शिकविले की वाटसरूची आठवण ठेव. या दोन गोष्टी मिळून पावसाची खरी प्रार्थना होते. शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करण्याची आज्ञा आपण पाळतो ती बहुधा पैशाच्या किंवा बोलण्याच्या बाबतीत. प्रार्थनेच्या बाबतीत ती पाळणारे थोडे.

तल्मूदात पहिल्या शतकातील गालीलकर भक्त हनीना बेन दोसा यांची एक कथा आहे. ते वाटेने जात असता पाऊस आला. त्यांनी देवाला म्हटले की सारे जग सुखात आहे आणि हनीना मात्र कष्टात आहे. पाऊस थांबला. घरी पोहोचल्यावर त्यांनी पुन्हा प्रार्थना केली की आता हनीना सुखात आहे, पण सारे जग कष्टात आहे. आणि पाऊस पुन्हा पडू लागला. कथा म्हणून ती घ्यावी; पण तिच्यातील दुसऱ्या प्रार्थनेकडे विशेष लक्ष द्यावे. पहिली प्रार्थना आपण सर्वच करतो. घरी पोहोचून, अंग पुसून, गरम चहा हातात घेतल्यावर दुसरी प्रार्थना आपल्यापैकी किती जण करतात?

आमच्या बेळगाव-खानापूर भागात मे महिन्यातला वळीव शेतकऱ्याला हवा असतो. त्याने जमीन भुसभुशीत झाल्यावर मशागत होते, आणि भाताची धूळवाफ पेरणी मृगाच्या आधी उरकते. ज्या रात्री रानातला तंबू भिजतो त्याच रात्री शेजारच्या वाडीत कोणी शेतकरी ओसरीवर उभा राहून देवाचे आभार मानीत असतो. मुलाला सकाळी त्या शेतावर घेऊन जावे. ओल्या मातीचा वास त्याला घेऊ द्यावा. “तुझी प्रार्थना देवाने ऐकली, आणि या काकांचीही ऐकली, देव दोघांचाही बाप आहे,” असे सांगावे. बापाने एकाचे ऐकले म्हणजे दुसऱ्यावर त्याचे प्रेम नाही, असे घरात तरी आपण समजत नाही.

५. ज्यांना आत जावयास घर नाही

येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. प्रत्येक पाऊस शेतकऱ्याच्या हिताचा नसतो. गारपीट होते, काढणीला आलेले पीक भिजते, आंब्याचा मोहोर गळतो. अशा पावसाचे कारण आपण मुलाला किंवा मोठ्यालाही सांगू शकत नाही, आणि सांगण्याचा प्रयत्नही करू नये. तेथे आपले काम वेगळे आहे.

मिश्नाने सांगितले की पाऊस आला तर मांडव सोडून घरात जावे. पण ज्याला घरच नाही त्याने कोठे जावे? आता अनुवादातील ती यादी आठवा : दास, दासी, उपरी, अनाथ, विधवा. सात दिवस मांडवात राहिल्यावर घरधन्याला कळावे की गळक्या छपराखाली रात्र कशी जाते. त्याची ती सात रात्रींची गोष्ट असते. काहींची ती रोजची असते.

दरवर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरात बीड व आसपासच्या जिल्ह्यांतून ऊसतोड करणारी कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रात व बेळगाव जिल्ह्यात येतात. कारखान्याजवळ किंवा उसाच्या फडाशेजारी पाचट व प्लॅस्टिकच्या कागदाची कोपी घालून ती चार-पाच महिने राहतात. लेकरेही बरोबर असतात. वीटभट्टीवरच्या मजुरांचेही तसेच. अवकाळी पाऊस आला की त्यांची चूल, धान्य व अंथरूण सर्व एकदम भिजते, आणि परत जाण्यास घर शंभर-दोनशे कोसांवर असते. आपण ज्याला सुट्टीची गंमत म्हणतो ते त्यांचे नित्याचे जीवन आहे. तंबूत एक रात्र भिजलेल्या मुलाला हे एका वाक्यात समजेल; घरात कोरड्या गादीवर झोपलेल्याला दहा उपदेशांनीही समजणार नाही.

प्रेषितांच्या कृत्यांच्या शेवटच्या दोन अध्यायांत पौलाचे जहाज फुटले, आणि त्यावरील २७६ माणसे मिलिता बेटावर भिजून किनाऱ्याला लागली. पाऊस पडत होता व थंडी होती, म्हणून बेटावरच्या लोकांनी शेकोटी पेटवून सर्वांचे स्वागत केले. त्या लोकांना तारणाचा संदेश अजून ठाऊक नव्हता. हे लोक दोषी म्हणून बुडाले की निर्दोष म्हणून वाचले, याचा वाद त्यांनी आधी घातला नाही. आधी शेकोटी पेटविली. पावसात सापडलेल्याला मंडळीने प्रथम काय द्यावे, हे या परक्या लोकांकडून आपण शिकावे.

६. पाऊस म्हणजे देवाचा राग काय?

मांडवात पाऊस आला असता मिश्नातील गुरूंनी एक दृष्टान्त दिला आहे. एक दास धन्यासाठी प्याला भरावयास आला, आणि धन्याने घागर उचलून त्याच्याच तोंडावर ओतली. म्हणजे, ‘तुझी सेवा मला नको,’ असे देव सांगत आहे, असे त्यांना वाटे. आपल्यातही पुष्कळांच्या मनात हेच असते. शिबिर बुडाले, लग्नाचा मांडव भिजला, की ‘देवाला हे पसंत नव्हते,’ असे आपण हळूच म्हणतो.

प्रभू येशूने मात्र पावसाविषयी वेगळे शिकविले. आपला स्वर्गीय पिता नीतिमानांवर व अनीतिमानांवर पाऊस पाडतो, असे तो म्हणाला. आपण हे वचन बहुधा संकटात वापरतो, जणू संकट सर्वांवर सारखेच येते असा त्याचा अर्थ आहे. परंतु ज्या देशात आगोटीच्या पावसाची वाट पाहिली जाते त्या देशात पाऊस ही कृपा होय. वचनाचा अर्थ असा की देव आपले देणे शत्रूलाही देतो. म्हणून तुम्हीही शत्रूवर प्रीती करा. ढगातून माणसाचा हिशेब वाचू नये. ढगातून बापाचे औदार्य वाचावे.

आणि याच मांडवांच्या सणात प्रभू स्वतः यरुशलेमात आला. सणाच्या दिवसांत याजक रोज सकाळी शिलोहाच्या तळ्यातून सोन्याच्या घागरीत पाणी आणून वेदीवर ओतीत असत. पावसाळा तोंडावर होता, सर्वांच्या मनात पाण्याचाच विचार होता. अशा वेळी सणाच्या शेवटच्या, मोठ्या दिवशी येशू उभा राहिला आणि त्याने तान्हेल्यांना आपल्याकडे बोलाविले. तो पवित्र आत्म्याविषयी बोलला, असे योहान सांगतो. आकाशातला पाऊस ऋतूप्रमाणे येतो किंवा चुकतो. हे पाणी ऋतूवर अवलंबून नाही.

योहानाच्याच पहिल्या अध्यायात लिहिले आहे की शब्द देही झाला व आपल्यामध्ये वसला. मूळ ग्रीक शब्दात तंबू ठोकण्याचा अर्थ आहे. देवाने पक्क्या महालातून आपल्या गळक्या मांडवांकडे पाहिले नाही. तो आपल्या मांडवात येऊन राहिला. डोके टेकावयास जागा नाही, असे ज्याने सांगितले त्याला ओल्या अंथरुणाची कल्पना नाही असे कोण म्हणेल? ज्या धन्याने स्वतः दासाचे रूप घेतले तो आपल्या दासाच्या तोंडावर घागर ओतणार नाही.

तेव्हा पुढच्या सुट्टीत तंबू बांधताना मुलांबरोबर प्रार्थना अवश्य करावी. “प्रभू, आम्हांला कोरडे ठेव” असे म्हणावे, आणि त्याला एक वाक्य जोडावे, “आणि ज्यांना पाऊस हवा आहे त्यांना दे, ज्यांना छप्पर नाही त्यांना सांभाळ.” अशी प्रार्थना करणारे मूल पावसाने निराश होईल, पण देवावर रुसणार नाही.

शिक्षकांसाठी

१. मांडवाचे छप्पर विरळ का ठेवीत? आपल्या घरात आठवड्यातून एकदा ‘छप्पर विरळ’ करण्यासाठी काय करता येईल?
२. महायाजकाची मागणी व गमलीएलाचा निर्णय यांत विरोध आहे काय? वर्गाचे दोन गट करून, एक शेतकऱ्यांचा व एक वाटसरूंचा, प्रत्येक गटास दुसऱ्या गटासाठी प्रार्थना तयार करावयास सांगावे.
३. अनुवाद १६:१४ मधील यादीतील कोणकोण आपल्या गावात, आपल्या रस्त्यावर आहेत? त्यांची नावे मुलांना ठाऊक आहेत काय?
४. मागील सहलीत किंवा शिबिरात पाऊस आला असल्यास त्या वेळी मुलांच्या मनात काय आले, हे त्यांना मोकळेपणाने सांगू द्यावे. त्यांच्या रागाला लगेच उत्तर देण्याची घाई करू नये.
५. आगामी पावसाळ्यापूर्वी वर्गाने मिळून एका गरजू कुटुंबाला ताडपत्री द्यावी. ती द्यावयास मुलांनी स्वतः जावे, आणि ती बांधून होईपर्यंत तेथे थांबावे.